नेलपॉलिशची रेघ

“काकांना काही सांगू नकोस. झाकण लाव आणि गाडी देऊन टाक.”

मेकॅनिक हे त्याच्या पार्टनरला म्हणाला आणि त्याने मान वर केली तर समोर मी. मी गॅरेजच्या दाराशी, जुन्या टायरांच्या थप्पीजवळ उभी होते. काका म्हणजे माझे पप्पा. ते रस्त्यापलीकडे चहा पीत होते. मेकॅनिकचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग तो हसला.

“झालीच आहे मॅडम, दो मिनट.”

मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. काय सांगायचं नाही, असं विचारायला हवं होतं. पण मी मराठीत बोलले की गॅरेजमध्ये मला हिंदीत उत्तर मिळतं. माझ्या मराठीतून इंग्रजी शाळा ऐकू येत असावी. मग मी गप्प राहते आणि बघत बसते. बघण्यात मी चांगली आहे.

म्हणून मी इंजिनाच्या डोक्याकडे बघितलं. तिथे दोन गोल झाकणं असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये खाली वाकून मी दोन्ही झाकणांवर नेलपॉलिशची एकेक बारीक रेघ ओढली होती, अर्धी झाकणावर, अर्धी इंजिनावर. मरून रंग, कोणाच्या तरी लग्नात लावायला घेतलेला आणि नंतर न वापरलेला. झाकण फिरवलं तर रेघ तुटणार. दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या. म्हणजे मेकॅनिकने झाकणं उघडली होती. मला वाटत होतं तसा तो नुसता फडका मारून पैसे घेत नव्हता. मग सांगायचं नाही ते काय?

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. शंभर सीसी, काळी, टाकीवर लाल पट्टा, डावीकडे साडी गार्ड. साडी गार्डवर मम्मीचे पाय असायचे, टाकीवर मी. मी पाच-सहा वर्षांची असताना पप्पा म्हणाले होते, “ही तुझी. मोठी झालीस की घे.” लहान मुलांना लोक काहीही सांगतात, हे मला माहीत आहे. तरी मी ते खरं धरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी माझं पक्कं लायसन्स आलं होतं. ते पाकिटातून काढून मी अजून घरात कोणाला दाखवलं नव्हतं. योग्य वेळ येईल असं वाटत होतं, आणि तेवढ्यात गाडी आवाज करायला लागली.

पप्पा साकीनाक्याला एका युनिटमध्ये फिटर म्हणून लागले, आता तिथेच सुपरवायझर आहेत. पत्रे कापणारे, दाबणारे मोठे प्रेस आहेत तिथे. शाळेत असताना मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा आत कोणी कोणाशी बोलत नव्हतं, सगळे हातवारे करत होते. पण घरी पप्पांचा कान म्हणजे कान होता. रविवारी सोसायटीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन खाली उभे राहायचे. पप्पा एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. “चेन आहे. टेन्शनर बदल.” “काही नाही, सायलेन्सरचा नट ढिला आहे.” चुकले असं मी कधी पाहिलं नाही.

मलाही शिकवलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर फ्रिजला लावून बघितला, कुकरला लावायला गेले तर मम्मीने हिसकावून घेतला, आणि मग बरेच दिवस मी तो शेजारच्यांच्या भिंतीला लावून त्यांची भांडणं ऐकत असे. घरात मी शांत मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. शांत मुलीला सगळ्या मजल्याची खबर होती.

टॅपेटबद्दल पप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं. इंजिनाच्या डोक्यात दोन वॉल्व असतात, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. त्यांना वरून दाबणारे भाग म्हणजे टॅपेट. टॅपेट आणि वॉल्व यांच्यात अगदी थोडी फट लागते. फट जास्त झाली की टकटक होते. फट उरलीच नाही तर आवाज बंद, पण हळूहळू वॉल्व जळतो. “म्हणून टॅपेट थोडे बोलले पाहिजेत,” पप्पा म्हणायचे. “मुके टॅपेट वाईट. लोकांना वाटतं गाडी गप्प म्हणजे चांगली.” ते मोजायची पट्टी कधीच वापरत नसत. बोटाने हलवून बघायचे, किक मारायचे, ऐकायचे, पुन्हा उघडायचे. बोलायला लागले की झाकण बंद.

दिवाळीनंतर गाडी बोलायला लागली. बोलायला म्हणजे ओरडायला. पप्पा गेटमधून आत शिरले की पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन म्हणायच्या, “काय हो, गाडी आहे की शिलाई मशीन? माझा एक ब्लाउज शिवून द्या!”

पप्पा हसायचे. “बोलतेय, बोलू द्या.”

पण युनिटमधला कोणीतरी बोलला, पेट्रोल पंपावरचा माणूस बोलला, शेवटी मम्मी बोलली. “मेकॅनिककडे टाका एकदा. तुमचं काय वय आहे खाली वाकत बसायचं?” पप्पांनी गाडी टाकली. गाडी आली ती शांत. चार दिवसांनी पुन्हा शिलाई मशीन.

“बघ,” पप्पा म्हणाले. “काही केलंच नाही त्याने. नुसते टॅपेट मुके करून पाठवतो.”

मग पुन्हा गॅरेज. पुन्हा शांत, पुन्हा चार दिवस. आणि त्या शुक्रवारी, ज्या दिवशी मी ते वाक्य ऐकलं, मेकॅनिक गाडीची चावी हातात देताना पप्पांना म्हणाला, “काका, काढून टाका आता. इंजिन थकलं. माझ्याकडे एक माणूस आहे. पुढच्या रविवारी अकरा वाजता येऊन बघून जाईल.”

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आधी नीट काम करायचं नाही, मग इंजिन थकलं म्हणायचं, मग आपलाच माणूस पाठवायचा. पप्पा त्याला झापतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. पप्पा टाकीवरून हात फिरवत होते.

“ये म्हणावं,” ते म्हणाले. “बघू.”

घरी येताना मी मागे बसले होते. मेट्रोच्या खांबांखालून येताना आमच्या मागे एक टेम्पो सतत हॉर्न देत होता. पप्पा रस्त्याच्या मधूनच चालले होते, आरामात. टेम्पोवाल्याने शेवटी डावीकडून काढली आणि खिडकीतून काहीतरी घाण बोलला. मी मनात म्हटलं, पप्पांना गाडी जाणार याचंच दुःख आहे, लक्ष नाही त्यांचं.

त्या रात्री जेवताना पप्पा एवढंच म्हणाले, “आत काहीतरी गेलंय तिच्या. सगळ्यांना ऐकू येतं, मला सापडत नाही.” आणि ताट घेऊन उठले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर कचरा टाकायला म्हणून मी खाली गेले आणि झाकणांवर पुन्हा रेघा ओढल्या. या वेळी मनाशी ठरवलं होतं की आवाज परत आला की हा मेकॅनिक नेमकं काय ढिलं सोडतो ते मी शोधून काढीन. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मी नेटवरून उतरवलं होतं. ते इंग्रजीत होतं, त्यामुळे त्याची मला भीती वाटत नव्हती. ऑफिसला जाता-येता मी ते अभ्यासाच्या पुस्तकासारखं वाचत होते.

आवाज मंगळवारी आला. बुधवारी सकाळी पप्पा आंघोळीला गेल्यावर मी खाली जाऊन बघितलं. दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या.

गाडी शुक्रवारपासून गॅरेजला गेली नव्हती. म्हणजे कोणीतरी आमच्या पार्किंगमध्ये येऊन झाकणं उघडली होती. माझ्या डोक्यात मेकॅनिकचा पार्टनर आला, खांद्याला पिशवी, दुपारच्या वेळी. गाडी बिघडवायची म्हणजे रविवारी स्वस्तात पडेल. इतकं कोणी करेल का, असा विचार मला आला नाही. मला पटलं होतं.

वॉचमनशी बोलायला मी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तोच म्हणाला, “काय झालं ताई? काही हरवलं?”

“आमच्या गाडीजवळ कोणी बाहेरचं आलेलं का?”

“बाहेरचं? नाय बा. माझ्यासमोरून कोण जाणार?” तो दुखावला. “गाडीजवळ फक्त तुमचे पप्पा असतात. परवा संध्याकाळी तासभर पुसत बसलेले. एवढं तर मी माझं तोंड पुसत नाय.”

पप्पांची हत्यारांची पेटी दाराबाहेर, चपलांच्या कपाटात खालच्या खणात असते. मी ती कधी चोरून उघडीन असं वाटलं नव्हतं. वर नेहमीचा स्क्रू पाना होता, तोंड मागेपुढे होणारा. त्याच्या जबड्यात, दातांच्या खाचेत, मरून रंगाचे दोन कण अडकले होते.

पेटी मी तशीच बंद केली. आता मला पप्पांचाच संशय आला, आणि तो सगळ्यात वाईट होता, कारण त्याला कारणच सापडेना. स्वतःची गाडी कोण बिघडवेल? विकायची होती तर सरळ विकायची. मला द्यायची नव्हती म्हणून? माझं लायसन्स त्यांनी पाकिटात पाहिलं होतं का? दोन दिवस मी त्यांच्याकडे चोरासारखी बघत होते. ते वर्तमानपत्र वाचत होते, बातम्या लावत होते. मम्मी आतून ओरडायची, “कमी करा तो टीव्ही, बिल्डिंग खाली येईल.” ते ओरडायचे, “साउंडच नीट नाही या टीव्हीला.”

शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून मी एकटी गॅरेजला गेले. फीलर गेज हवं होतं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, आणि टॅपेट फिरवायची छोटी चावी. मॅन्युअलमध्ये दोन्हींची चित्रं होती. नवीन घ्यायला दुकान शोधता आलं असतं. पण मला मेकॅनिकचा चेहरा बघायचा होता.

“कशाला पाहिजे?” तो म्हणाला. या वेळी मराठीत.

“असंच. टॅपेट बघायचेत.”

तो हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हसेल. त्याने फळीवरून गेज आणि चावी काढली, आणि देताना जरा घुटमळला.

“काकांना सांगू नका मी दिलं म्हणून. ते माझ्या हातचं ठेवत नाहीत, मॅडम. मी लावतो, ते उघडतात. म्हणून तर पार्टनरला म्हटलं होतं, मापात लावलंय ते काकांना सांगू नकोस. तुमच्या हातचं ठेवतील कदाचित.” मग आवाज खाली करून म्हणाला, “आणि त्यांना आता नाक्यावर गाडी घालू देऊ नका. मागचा ट्रक बोंबलतोय, काका मधूनच. मी दोनदा बघितलंय. म्हणून म्हटलं, काढून टाका. माझा काही फायदा नाही त्यात.”

फायदा नाही हे मी तेव्हाही पूर्ण मानलं नाही, आजही मानत नाही. ऑइलचे पैसे तो नक्की जास्त लावतो. पण मी गेज पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

शनिवारी पप्पांची अर्धी सुट्टी असते. गाडी विकायचीच म्हणून बुधवारपासून ते शेअर रिक्षाने जात होते, त्यामुळे इंजिन थंड होतं, आणि मॅन्युअल म्हणत होतं थंडच हवं. मी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली. काकू गॅलरीतून म्हणाल्या, “अगंबाई, आता तू पण?” मी मान हलवली.

डाव्या बाजूचं मोठं झाकण काढून पान्याने इंजिन हाताने फिरवायचं, बाजूच्या बारीक खिडकीत ‘टी’ अक्षराची खूण दिसेपर्यंत. मग वरची दोन झाकणं. पहिल्यांदा टॅपेट हलेचना, फटच नव्हती. म्हणजे पप्पांनी आवळलेत? मग आवाज कसा? मॅन्युअल पुन्हा वाचलं. टीची खूण दोनदा येते, एकदा खरी, एकदा वॉल्व दाबलेले असताना. मी चुकीच्या फेरीत होते. आणखी एक पूर्ण फेरी फिरवली. आता टॅपेट बोटाने हलला, आणि नुसता हलला नाही, खुळखुळला.

पुस्तकातल्या मापाची पट्टी फटीत गेली तेव्हा कुठेच लागली नाही. तिच्यावर दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. जुडग्यातली जवळपास सगळ्यात जाड पट्टी जेमतेम अडली. दुसऱ्या टॅपेटला तेच. दोन्ही सारखे. निष्काळजीपणाने ढिले राहिले असते तर एक कमी, एक जास्त असते. हे कोणीतरी मन लावून केलं होतं.

मी ती पट्टी बोटांत धरून बसले. टॅपेट थोडे बोलले पाहिजेत. बोटाने हलवायचं, किक मारायची, ऐकायचं. नाही बोलले, थोडं ढिलं करायचं. ऐकायचं. नाही बोलले, आणखी थोडं. पप्पांना ते बोलताना ऐकू येईपर्यंत. ते इथे, या जाड पट्टीवर, येऊन थांबले होते.

मग बाकीचं सगळं आपोआप आलं आणि मला ते थांबवता येईना. मागच्या वर्षी आम्ही दाराची बेल दोनदा बदलली. वायरमन चोर आहे, असं पप्पांचं मत. रविवारचं वरण पप्पा लावतात, आणि ते खाली लागतं. “दोनच शिट्ट्या झाल्या होत्या,” ते म्हणायचे, आणि मम्मीने नवा कुकर आणला. टीव्हीचा साउंड खराब, मोबाइल स्वस्तातला, मेकॅनिक लबाड. आमच्या घरात एवढ्या वस्तू आणि एवढी माणसं एकदम बिघडली होती, आणि मी, जी सगळं बघते, मी झाकणावर नेलपॉलिश लावत बसले होते.

फट मापात आणायला मला सव्वा तास लागला. नट आवळताना चावी सरकते आणि माप बदलतं. पाच-सहा वेळा केलं. झाकणं लावली. रेघ ओढली नाही. किक मारली, तिसऱ्या किकेला चालू झाली. आवाज इतका बारीक होता की मला आधी शंका आली. वाकून कान जवळ नेला तेव्हा तो मिळाला, स्टीलच्या वाटीत मनगटी घड्याळ ठेवल्यासारखा. टिकटिकटिक. बोलत होते.

आणि गेटमधून पप्पा आले, हातात डब्याची पिशवी.

“हे कोणी उघडलं?”

“मी.”

त्यांनी चादरीकडे पाहिलं, माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं, गेज उचलून उलटसुलट केलं. “हे कुठून आणलंस?”

“गॅरेजमधून.”

“त्या चोराकडून!” पण ते रागावले नव्हते. एक प्रकारे खूश झाले होते, आणि तेच मला जड गेलं. पिशवी मिररला अडकवून ते इंजिनाशेजारी उकिडवे बसले. स्क्रूड्रायव्हर शोधला नाही, नुसताच कान खाली नेला आणि डोळे मिटले, माझ्या लहानपणी मिटायचे तसे. मी त्यांचा चेहरा बघत होते. काही सापडल्यावर त्यांच्या भुवया जराशा वर जातात. त्या गेल्या नाहीत.

“केलंस छान,” ते म्हणाले. “पण आवळलेस जास्त. मुके झालेत बिचारे. वॉल्व जळतील. दे तो पाना इकडे.”

पाना माझ्या हातात होता. तो दिला असता तर दहा मिनिटांत गाडी पुन्हा शिलाई मशीन झाली असती आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माणूस येऊन घेऊन गेला असता. पप्पांना आयुष्यभर वाटत राहिलं असतं की इंजिनात असं काहीतरी होतं जे त्यांना सापडलं नाही. आणि मीही मान हलवून वर गेले असते, मला काही माहीत नाही अशी.

“दे ना गं,” पप्पा म्हणाले. हात पुढेच होता.

मी बोलले, पण नेहमीच्या आवाजात.

“काय?” पप्पा म्हणाले.

मी गाडीची चावी फिरवून इंजिन बंद केलं. पार्किंग एकदम शांत झालं. काकू अजून गॅलरीत होत्या. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, “ते बोलतायत, पप्पा. तुम्हाला ऐकू येत नाहीये.”